पान जागचं हललं नाही

बटणावरचं बोट उचलायच्या आत पडद्यावर हिरवी अक्षरं आली: नोंद झाली.

"चला, सुटलो," माझी लेक म्हणाली आणि लॅपटॉप मिटायला लागली.

"थांब जरा," मी म्हटलं. "कुठे झाली?"

"हे काय, लिहिलंय ना."

"लिहिलंय ते मीही वाचलं. पण पान तर जागचं हललंच नाही."

"तेच तर नवीन आहे, आई. तुझ्या जावयानेच केलंय. आता पान हलत नाही."

समोरच्या पलंगावर माझी धाकटी बहीण गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. तोंड आमच्याकडे, पण नजर आमच्या थोडी डावीकडे. नोंद तिची होती. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांवरचा पडदा पाच वर्षांपासून धुरकटत गेला आहे. कुणीतरी जाताना आपले डोळे देऊन जाईल, त्यातला स्वच्छ पडदा हिला बसवायचा, एवढाच उपाय. त्यासाठी इस्पितळात एक यादी आहे. चार वर्षांपूर्वी तिचं नाव त्रेसष्टावं होतं, आता सातवं होतं. पण यादीची एक अट आहे. दर वर्षी या महिन्यात एक अर्ज भरून कळवायचं, की मी अजून आहे आणि अजून वाट बघते आहे. शेवटच्या दिवशी पाच वाजेपर्यंत ज्याचा अर्ज आला नाही त्याचं नाव खोडतात. मग पुन्हा तळापासून सुरुवात. धाकटी एकाहत्तर वर्षांची आहे. तिच्याकडे तळापासून वर चढायला वेळ नव्हता.

आणि तो शेवटचा दिवस होता. आम्ही इतके दिवस थांबलो तेही जावयाच्या सांगण्यावरून. तो त्याच इस्पितळाच्या संगणक खात्यात कामाला आहे. "जुनं पान रडवतं," तो म्हणाला होता, "नवीन येऊ द्या, मग भरा."

"अक्का, गेलं ना माझं?" धाकटीने विचारलं.

"गेलं, मावशी," लेक म्हणाली.

मागच्या वर्षीचं मला लख्ख आठवत होतं. बटण दाबलं की सगळं पान पांढरं व्हायचं, भिंतीला चुना लावल्यासारखं. मी मनात आकडे मोजत बसले होते. अकरा म्हणेपर्यंत काही नाही, मग नवीन पान आलं आणि त्यावर नोंदीचा नंबर. तो मी डायरीत उतरवून ठेवला होता. त्याच्या आदल्या वर्षीचाही आहे. यंदा नंबर नव्हता.

"नंबर कुठे आहे?"

"येईल मेलवर. आई, तू ना, सरकारी बाई ती सरकारी बाईच राहणार."

लेक जिन्याने वर आपल्या घरात गेली. खालच्या दोन खोल्या आम्हा बहिणींच्या, वरच्या तिच्या. इंटरनेटचा डबा मात्र एकच, जिन्याच्या वळणावर खिळ्याला टांगलेला.

माझ्या मनात पाल चुकचुकली होती, आणि ती गप्प बसेना. त्याचं कारण म्हातारपण नव्हतं. ते कारण फार जुनं आहे.

मी एकतीस वर्षं त्याच इस्पितळात जन्मनोंदीच्या खिडकीवर बसले. अर्धगोल भोक असलेली काच, तिच्याखाली लाकडी फळी. बाळाचे वडील नाहीतर आजी अर्ज सरकवायची. मी तो वाचायचे, चुका दाखवायचे आणि मागे द्यायचे. माझ्या पाठीमागे पडद्याआड दौतवाले काका बसायचे. सगळ्यांनी बॉलपेन घेतले तरी त्यांनी दौत सोडली नाही, म्हणून ते नाव. ते अर्ज मोठ्या रजिस्टरात उतरवायचे, शाई टिपायचे, आणि झालं की टेबलावर पेनाच्या टोपणाने दोनदा टकटक करायचे. ती टकटक ऐकली की मी पावतीवर शिक्का मारायचा. आधी टकटक, मग शिक्का. मी नवी होते तेव्हा काकांनी मला एवढंच शिकवलं. "तुझा शिक्का म्हणजे माझं अक्षर," ते म्हणायचे. "माझं अक्षर पडल्याशिवाय तुझा शिक्का पडता कामा नये." खोलीत ओल्या शाईचा वास असायचा, आणि दुपारी उन्हाची एक पट्टी रजिस्टरावरून सरकत जायची. ती खोली अजून माझ्या स्वप्नात येते.

मग रांगा वाढल्या. लोक कुरकुर करायला लागले. नवे साहेब आले आणि म्हणाले, "माणसाला उभं कशाला ठेवता? शिक्का देऊन वाटेला लावा. नोंद सावकाश करा." काका दोन दिवस फुगून बसले. पण साहेबांपुढे कोण बोलणार? आम्ही फळीखाली एक लाकडी ट्रे ठेवला. अर्ज आला की शिक्का, आणि अर्ज ट्रेमध्ये. लोक खूश झाले. "किती पटकन काम होतं इथे," म्हणायचे. मलाही ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला सांगू?

त्यामुळे बोट उचलायच्या आत आलेली ती हिरवी अक्षरं बघून मला आधुनिक जग वगैरे काही वाटलं नाही. मला ट्रे आठवला.

अडीच वाजले होते. मी लॅपटॉप उघडला. अर्ज भरायला मला येतं, लेकीला वाटतं तितकी मी अडाणी नाही. नवा अर्ज उघडला, नाव माझंच लिहिलं, नोंदणी क्रमांकात सगळी शून्यं टाकली. मग जिन्यावर गेले आणि डब्याची वायर उपटली.

"आई, नेट गेलं का गं?" वरून लेक ओरडली.

"बघते," मी म्हटलं.

खाली येऊन बटण दाबलं.

नोंद झाली.

हिरवी, ठसठशीत, तीच अक्षरं. घराचा जगाशी संबंध तुटलेला, आणि पान मला सांगत होतं की नोंद झाली. मी दौतवाले काकांच्या रजेच्या दिवशीही असाच शिक्का मारत बसायचे.

"अक्का, काय झालं?" धाकटीचा कान तिखट आहे. माझ्या श्वासावरून तिला कळतं.

"काही नाही. एक फोन करते."

वायर पुन्हा खोचली आणि जावयाला फोन लावला. धाकटीला ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू ठेवला. चोरून बोलण्यासारखं घरात काही नसतं, असं मला तेव्हा वाटत होतं.

"बोला, आई. झालं का मावशींचं?"

"तेच विचारायला केलाय. जावईबापू, तुमचं पान बटण दाबल्यावर काय करतं, मला नीट सांगा."

तो खुशीत आला. "पूर्वी बटण दाबलं की सगळं पानच जायचं आणि डेटाबेसकडून उत्तर आलं की नवीन पान यायचं. मध्येच नेट गेलं की भरलेलं सगळं पुसलं जायचं. लोक रडायचे. आता पान जागेवर राहतं. फक्त भरलेली माहिती मागच्या मागे डेटाबेसमध्ये जाते."

"आणि 'नोंद झाली' हे कोण म्हणतं? डेटाबेस म्हणतो की पान म्हणतं?"

"पान म्हणतं. म्हणजे, लोकांना थांबावं लागू नये म्हणून ते लगेच दाखवतो. मागे खरी नोंद होतेच."

"होतेच?"

"होतेच, आई."

"मी वायर काढून दाबलं. तरी म्हणालं, नोंद झाली."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. "वायर काढून?"

"काढून."

"तुम्हाला कुणी सांगितलं असं करायला?"

"कुणी कशाला सांगायला हवं? मी काय आज जन्मले?"

"बघतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

धाकटी म्हणाली, "बिचारा. सासूने त्याच्या पानाची झडती घेतली."

"घेतली. तुझ्यासाठीच घेतली."

"मला वाटतं, गेलं असेल गं. तू उगीच जीव खातेस."

तीन वाजून दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. आवाज पार उतरला होता.

"आई, मावशींची नोंद झालेली नाही."

धाकटीचे हात गुडघ्यांवरून उचलले गेले आणि पुन्हा तिथेच बसले.

त्याने सांगितलं ते असं. ज्यांची नावं कागदी यादीच्या काळापासून आहेत, त्यांच्या क्रमांकात मध्ये एक तिरपी रेघ आहे, रेघेनंतर वर्ष. नव्या डेटाबेसला ती रेघ चालत नाही. तो असे अर्ज परत पाठवत होता. पण पान त्याच्या उत्तराची वाट बघतच नव्हतं. ते प्रत्येकाला हिरवी अक्षरं दाखवत होतं.

"असे किती जण?" मी विचारलं.

"परत गेलेल्यांची यादी निघाली आहे. मावशींना धरून एक्केचाळीस."

"म्हणजे सगळ्यात जुने. सगळ्यात जास्त वाट बघितलेले."

"हो." मग घाईघाईने, "पण काळजी करू नका. मावशींचं मी इथून हाताने घालतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"घाला," धाकटी म्हणाली. लगेच, मी तोंड उघडायच्या आधी.

खरं सांगते, माझ्याही जिभेवर तेच होतं. सातवा नंबर. वर्षभरात ती माझा चेहरा बघणार होती. मग माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"आणि बाकीचे चाळीस?"

"दोन दिवसांत पान दुरुस्त करतो. मग ते पुन्हा भरतील."

"पाच वाजता खोडणार ना? दोन दिवसांनी ते यादीत असतील का? आणि पुन्हा भरतील कशाला? त्यांना तर तुमच्या पानाने सांगितलंय, नोंद झाली."

मी घड्याळाकडे बघितलं.

"यादी सांभाळणाऱ्या डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगा. आत्ता."

"आई," तो हळू आवाजात म्हणाला, "मी नोकरीत कायम व्हायला अजून चार महिने आहेत. हे पान माझ्या एकट्याच्या सहीने चालू झालंय."

जे मी चाळीस वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही, ते मग मी त्या फोनवर सांगितलं. धाकटी ऐकत होती, जिन्यात लेकही येऊन उभी होती.

"एक बाई आली होती माझ्या खिडकीवर. सहा वर्षांच्या मुलीचा हात धरून. मुलीला शाळेत घालायची म्हणून जन्माचा दाखला हवा होता. पावती तिने जपून ठेवली होती, घडीवर घडी घालून. शिक्का माझा, सही माझी. रजिस्टरात नोंद नाही. साहेब बाहेर आले आणि म्हणाले, पावती खोटी असेल, असे लोक येतात. त्या बाईने माझ्याकडे बघितलं. तिला मी आठवत होते. मी नुसती पावती उलटसुलट करत बसले. बोलले नाही. ती दोन वर्षं चकरा मारत होती. पोरीची दोन वर्षं गेली. पुढे फळी बदलायला सुतार आला, तेव्हा ट्रेच्या मागच्या फटीत तिचा अर्ज सापडला. मी तो घेऊन साहेबांकडे गेले, नोंद करून घेतली. सगळं नीट केलं. पण त्या दिवशी खिडकीवर मी गप्प बसले होते, ते काही नीट करता आलं नाही."

मग धाकटी बोलली, आणि तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता.

"अक्का, तुझ्या पापाचं प्रायश्चित्त माझ्या डोळ्यांनी करू नकोस."

ते मला लागलं. अजून लागतं. तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

"तसं नाही गं," मी म्हटलं. "हाताने घातलेली नोंद कुणाच्या तरी नजरेत येणारच. एक्केचाळिसातली एकच राहिली, आणि ती कुणाची, तर पान करणाऱ्याच्या बायकोच्या मावशीची. चौकशी झाली की पहिलं नाव तुझं खोडतील, आणि पुन्हा चढू देणार नाहीत. मी साहेब लोक बघितलेत."

हे खरं होतं. पण तेवढंच खरं नव्हतं, हे आम्हा चौघांनाही कळत होतं.

फोन तसाच चालू होता. मग फोन कट झाला.

धाकटी भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. लेक जिन्यातून म्हणाली, "त्याची नोकरी गेली तर काय करायचं, ते पण तूच सांग आता," आणि वर निघून गेली. मी घड्याळासमोर बसले. पावणेचार. चार. सव्वाचार. माझ्या मनात नको ते यायला लागलं. त्याने गुपचूप हाताने घातलं असेल. घातलंही नसेल, आणि सांगेल घातलं म्हणून. कुणावर भरवसा ठेवायचा हे मला एकतीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. काकांनी शिकवलं होतं ते एवढंच, आधी टकटक मग शिक्का, आणि तेही मी मोडलं होतं.

पाचला वीस मिनिटं असताना फोन वाजला.

"सांगितलं," जावई म्हणाला. "डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ही एक्केचाळीस नावं उद्या संध्याकाळपर्यंत कुणी खोडायची नाहीत म्हणाल्या. दोन नर्सना बसवलंय एकेकाला फोन करायला. पान आम्ही रात्रीतून दुरुस्त करतोय."

"तोंडी म्हणाल्या की लेखी?"

"आई."

"तोंडी की लेखी?"

थोड्या वेळाने फोटो आला. इस्पितळाचा कागद, खाली सही, शिक्का. मी फोटो मोठा करून एकेक ओळ वाचली. मग शिक्क्याची तारीख बघितली. मग सहीची शाई शिक्क्याच्या खाली आहे की वर, तेही बघितलं. सही आधी होती, शिक्का तिच्यावरून पडला होता. तेव्हा कुठे धाकटीच्या पाठीवर हात ठेवला.

"आहे तुझं नाव."

"उद्यापर्यंत," ती भिंतीला म्हणाली.

जावई दुसऱ्या दिवशी सकाळी आला, डोळे लाल. त्याचं कायम होणं सहा महिने लांबलं होतं. तक्रार त्याने केली नाही. लेक मात्र माझ्याशी दोन दिवस कामापुरतं बोलली. तो आमच्या खोलीत आला, खुर्ची ओढली, लॅपटॉप उघडला आणि माझ्यासमोर सरकवला. "तुम्हीच भरा," म्हणाला.

मी भरला. नाव, वय, तिरप्या रेघेसकट क्रमांक. बटण दाबलं. पान जागेवरच राहिलं, पांढरं झालं नाही. पण बटण फिकं पडलं आणि त्यावर अक्षरं आली: थांबा.

"गेलं?" धाकटीने विचारलं. ती उठून बसली होती.

"थांब."

मी मोजायला लागले. एक. दोन. जावई पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत होता. तीन. चार.

नोंद झाली. आणि खाली नंबर.

मी तो नंबर एकेक आकडा करून मोठ्याने वाचला आणि डायरीत उतरवला.

"परत वाच," धाकटी म्हणाली.

परत वाचला.

तिने आकडे ओठांतल्या ओठांत पुटपुटले. मग म्हणाली, "वायर काढून बघितलीस का?"

जावई हसला, कालपासून पहिल्यांदा. मी मात्र हसले नाही. उठले, जिन्यावर गेले आणि वायर उपटली. वरून लेक काहीतरी बोलली, मी उत्तर दिलं नाही. खाली येऊन माझ्या नावाचा, शून्यांचा अर्ज भरला आणि बटण दाबलं.

थांबा, पान म्हणालं. मी थांबले. खूप वेळ थांबले. धाकटी श्वास धरून होती.

मग लाल अक्षरं आली. मी तिला ती वाचून दाखवली.

"नोंद झाली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

"हं," धाकटी म्हणाली. "आता खोच ती वायर. आणि चहा टाक. त्यालाही दे, रात्रभर जागलाय."